पाळणा कोणी थांबविला?

गेल्या वैशाखात धरमपेठेतील एका स्नेह्यांच्या घरी लग्नास जाण्याचा योग आला. अक्षता पडल्यावर वधूवर नमस्कारास आली, तेव्हा जन्माच्या सवयीने आमच्या तोंडून "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" असे शब्द निघून गेले. वधू स्थापत्यशास्त्र शिकलेली, बोलण्यात धीट. उभी राहता राहता ती हसून म्हणाली, "काका, आठ? आमचा तर अजून एकाचाच विचार चालला आहे!" जवळची मंडळी हसली, आम्हीही हसलो, आणि तिच्या आईने उगीच डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिले. आशीर्वाद देणाऱ्याने शब्दांचा अर्थ मनात आणावयाचा नसतो आणि घेणाऱ्यानेही तो आणू नये, असा एक अलिखित संकेत आपल्यात आहे. त्या मुलीने तो मोडला इतकेच. पण अर्थ एकदा मनात शिरला म्हणजे सहसा बाहेर जात नाही. घरी परतल्यावर आम्ही कपाटातून आजोबांची वही काढली.

ही वही आमच्या घरातील सर्वांत जुना कागद होय. आजोबा महालात राहत, थोडेबहुत ज्योतिष जाणत, आणि घरात मूल जन्मले की शक, मास, तिथी, घटी, पळे हे सर्व त्या वहीत टिपून ठेवीत, म्हणजे पुढे पत्रिका मांडावयास बरे पडे. शके १८४० पासून शके १८६४ पर्यंत, चोवीस वर्षांत, त्यांच्या हातची अशी अकरा टिपणे आहेत. त्यांपैकी सहांच्या समासात निराळ्या शाईने एकच शब्द लिहिला आहे : 'गत'. वडिलांच्या हातची टिपणे चार. आमच्या हातची दोन. आणि चिरंजीवांनी पुण्याहून दूरध्वनीवर सांगितलेली नातीची जन्मवेळ आम्ही उतरून घेतली, ती एक. त्यापुढील पाने कोरी आहेत, आणि चिरंजीवांचे म्हणणे असे की ती कोरीच राहणार.

एका घरावरून प्रांताचे अनुमान काढू नये, हे पथ्य आम्ही मुलांस पुष्कळ वर्षे शिकविले. परंतु येथे ते अनुमान काढल्यास फारसे चुकत नाही. १९७१ साली महाराष्ट्रात दर हजार लोकवस्तीमागे वर्षाकाठी सुमारे ३२ मुले जन्मत. २०२० साली हे जननमान १५ वर आले होते. त्याच वर्षी अवघ्या देशाचे १९.५, बिहारचे २५.५ आणि केरळचे १३.२ असे होते. दुसरे माप म्हणजे एका स्त्रीस तिच्या आयुष्यात सरासरीने किती अपत्ये होतात हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली महाराष्ट्रापुरते ते २.९ निघाले होते, २००५-०६ साली २.१ आणि २०१९-२१ च्या पाहणीत १.७. आईबापांची जागा पुढील पिढीने भरून काढावयाची तर हा आकडा २.१ च्या आसपास लागतो. म्हणजे ती रेषा आपण मागेच ओलांडली आहे. तरी लोकसंख्या लागलीच घटत नाही, कारण पूर्वी जन्मलेल्या मुली अजून आया होत आहेत. बैल सोडले तरी उतारावरील गाडी काही अंतर जातेच.

हे घडले कशाने, असे चारचौघांत विचारावे तर उत्तर ठरलेले : साधनांनी. गोळ्या आल्या, निरोध आले, तांबी आली, शस्त्रक्रिया आली, आणि पाळणे थांबले. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे बोलावयास आपल्यासारखी शिकलेली मंडळी फारशी उत्सुक नसतात. आम्हीही नव्हतो.

थोडकी संतती असावी ही इच्छा साधनांच्या पोटी जन्मली असे मात्र कोणी समजू नये. ती फार जुनी आहे. विवाहसूक्तात वधूसाठी दहा पुत्र मागितले आहेत आणि पतीस अकरावा म्हटले आहे, हे लग्न लावणाऱ्या प्रत्येक भटजीस ठाऊक असते. पण त्याच ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अस्यवामीय सूक्तात, बहुप्रज तो निर्ऋतीत शिरला, अशा अर्थाचे एक वचन आहे आणि यास्काचार्यांनी निरुक्तात त्यावर दोन मते नोंदविली आहेत. नैरुक्त म्हणतात, हे पर्जन्याचे वर्णन होय. परिव्राजक म्हणतात, ज्यास पोरे फार तो हालात पडतो. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा हसू आले. परिव्राजक म्हणजे संन्यासी. त्यास पोराबाळांची झळ ती कोणती? पुढे वाटले, कदाचित ती झळ लागूनच तो परिव्राजक झाला असेल. तिकडे फ्रान्स देशाचे जननमान अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच उतरू लागले, तेव्हा कोठे रबराची साधने की गोळ्या? होता तो केवळ पतिपत्नींचा आपसांतील निग्रह आणि सावधपणा.

आपल्या भाषेत हा विषय उघड्यावर आणण्याचे श्रेय रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र काढले तेही ह्याच वर्षी. त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीने सव्वीस वर्षे चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आंबेडकरांच्याच पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला व तो मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. आमच्या आजोबांच्या घरी 'समाजस्वास्थ्य' येत नसे, हे सांगावयास नको. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्याच्या पुढील वर्षी कर्वे वारले.

नागपूरकरांस अधिक जवळची गोष्ट वर्ध्याची. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगरबाई गांधीजींस भेटावयास मगनवाडीत आल्या होत्या. बाईंचे म्हणणे, साधने स्त्रीच्या हाती द्या. गांधीजींचे म्हणणे, संयम शिका, आणि स्त्रीने पतीस नाही म्हणावयास शिकावे. दोघांचे जमले नाही. आम्ही आजवर ह्या संवादाकडे साधने विरुद्ध ब्रह्मचर्य असा वाद म्हणून पाहत आलो. आता वाटते, दोघेही एकच गोष्ट धरून बोलत होते : बोजा बाईवर आहे आणि तो उतरविण्याचे काम बाईनेच करावयाचे आहे. पतीने काय शिकावे ह्याचे उत्तर संयम ह्या एका शब्दावर भागले.

असो. साधनांचा जननमानावर किती परिणाम होतो, ह्याची परीक्षा पुढे दोन ठिकाणी मोठ्या काळजीने झाली. पहिली पंजाबात. १९५० नंतरच्या दशकात लुधियाना जिल्ह्यातील खन्ना गावाच्या परिसरात हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्वानांनी काही खेडी निवडून घरोघर संततिप्रतिबंधक गोळ्या वाटल्या. लोकांनी त्या आदराने घेतल्या, कारण दारी आलेल्या पाहुण्यास नाही म्हणू नये. परंतु वापरल्या थोड्यांनी. साधने वाटलेली खेडी व न वाटलेली खेडी ह्यांच्या जननमानात मानण्यासारखे अंतर पडले नाही. पुढे महमूद ममदानी नावाचे लेखक त्यांतील एका गावी गेले, तेव्हा एका गृहस्थाने त्या गोळ्यांच्या डब्या रचून केलेली शोभेची वस्तू त्यांस पाहावयास मिळाली. त्या शेतकऱ्यांस मुलगे हवे होते; ते त्यांचे शेतावरील हात आणि म्हातारपणची ठेव. दुसरी परीक्षा बांगलादेशातील मतलब येथे १९७७ पासून झाली. तेथे गावच्याच शिकलेल्या लेकुरवाळ्या बायका घरोघर जात, चार साधने पुढे ठेवून जे मानवेल ते देत, आणि त्रास झाला का हे विचारावयास पुन्हा येत. दोन वर्षांत त्या भागाचे जननमान शेजारच्या भागापेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने खाली आले. साधने आणि काळ निराळे होते हे खरे. पण एका ठिकाणी विद्वान वाटावयास आले होते आणि दुसऱ्या ठिकाणी शेजारीण विचारावयास आली होती.

प्रांताप्रांतांची तुलना करावी तर तेथेही त्रैराशिक लागू पडत नाही. २०१५-१६ साली महाराष्ट्रातील सुमारे ६५ टक्के विवाहित जोडपी कोणते ना कोणते साधन वापरीत होती, केरळातील ५३ टक्के. तरी दर स्त्रीमागे अपत्ये महाराष्ट्रात १.९ आणि केरळात १.६. गोव्यात तर साधने वापरतो असे सांगणारे अवघे २६ टक्के निघाले, आणि अपत्ये १.७. तेव्हा लग्नाचे वय, मुलींची शाळा आणि जन्मलेले मूल जगेल ही खात्री, ही तिन्ही हिशेबात धरावी लागतात. देशात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १२९ वर्षाच्या आत दगावत. २०२० साली २८, आणि महाराष्ट्रात १६. आजोबांच्या वहीतील ते सहा 'गत' पाहिले म्हणजे आमच्या आजीने अकरा वेळा ते दुखणे का सोसले हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाच मुले हातीं लागावयास अकरा लागली. लग्नाच्या वयाचे म्हणाल तर एकाच महाराष्ट्रात दोन देश नांदतात. परभणी, बीड ह्या जिल्ह्यांत अठराच्या आत लग्न झालेल्या तरुण स्त्रिया २०१९-२१ च्या पाहणीत शेकडा चाळिसांहून अधिक निघाल्या, आणि आमच्या पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियांत अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. थोड्या मुलांच्या इच्छेस मुलग्याचा आग्रह चिकटला म्हणजे काय होते तेही सांगितले पाहिजे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या त्या २०११ साली ८९४ झाल्या.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. जननमान उतरले हा झाला परिणाम; तो कोणाच्या शरीरातून गेला हे जननमानाच्या रकान्यात दिसत नाही. २०१९-२१ च्या पाहणीत आंध्र, बंगाल आणि पंजाब ह्या तिन्ही प्रांतांत दर स्त्रीमागे अपत्ये १.६ ते १.७ होती, म्हणजे कागदावर तिघे सख्खे शेजारी. पण आंध्रात विवाहित स्त्रियांपैकी शेकडा सुमारे सत्तर शस्त्रक्रिया करून मोकळ्या झालेल्या. बंगालात गोळ्यांचा वापर पुष्कळ. पंजाबात निरोधाचा, म्हणजे तेथे पुरुषाने निदान काही अंगावर घेतलेले. महाराष्ट्र आंध्राच्या वाटेचा. आपल्याकडे विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आकडा अर्ध्या टक्क्यासही पोचत नाही. जी जोडपी साधन वापरतात, त्यांतील दर चारांपैकी तिघांचे साधन म्हणजे बाईच्या पोटावरील टाके. लवकर लग्न, लागोपाठ दोन मुले, आणि पंचविशीच्या सुमारास शस्त्रक्रिया, असा हा क्रम आहे. दोन पाळण्यांत अंतर ठेवण्याचा विचार त्यात क्वचितच येतो.

वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. पोट उघडावे लागत नाही, तेवढा भाग बधिर केला म्हणजे काही मिनिटांत काम होते, मनुष्य त्याच दिवशी घरी जातो. पुढे तीन महिने मात्र दुसरे साधन वापरावे लागते. आणि एके काळी आपल्याकडे पुरुष पुढे येतही होते. १९६० नंतरच्या दशकात मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुषांसाठी अशी केंद्रे उघडली होती, आणि देशभरच्या हिशेबात त्या काळी पुरुषांच्या शस्त्रक्रिया बायकांच्याहून अधिक भरत. मग १९७६ साल आले. आणीबाणीत त्या एका वर्षात, १९७६-७७ मध्ये, देशात सुमारे ८३ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ६२ लाख पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर शस्त्रक्रिया सक्तीची करणारे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. पुढील वर्षी सर्व मिळून शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांवर आल्या. सरकारे गेली, आली. पुरुष मात्र परत आला नाही.

तो का आला नाही, ह्याचे एक उत्तर आमच्या घरात आहे.

त्या वर्षी आम्ही सोळा वर्षांचे होतो. वडील एका कचेरीत नोकरीस. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्यांचे वय शेहेचाळीस, धाकटी बहीण नऊ वर्षांची. म्हणजे आमच्या घरचा पाळणा माळ्यावर जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. पण कचेरीस आकडा हवा होता, आणि प्रमाणपत्र आणल्याखेरीज पगार निघणार नाही असे त्यांस सांगण्यात आले. एका सायंकाळी ते सायकलरिक्षातून घरी आले, कोणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून निजले, आणि दोन दिवस तसेच होते. आईने आम्हांस सांगितले, ताप आहे. खरे काय ते आम्हांस गल्लीत समजले. तेथे ज्या शब्दांत समजले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. वडील त्यानंतर पंचवीस वर्षे जगले. त्यांची प्रकृती उत्तम होती, सकाळी अंबाझरीपर्यंत पायी जाऊन येत. पण बायकापोरांत मोठ्याने हसण्याची त्यांची सवय त्या वर्षी गेली ती गेलीच. ह्यात शस्त्रक्रियेचा काही दोष नव्हता. दोष जबरदस्तीचा होता. सोळा वर्षांच्या मुलास हा भेद कोण समजावून देणार?

पुढे आमचे लग्न झाले, १९८५ साली कन्या झाली, १९८८ साली चिरंजीव झाले. दोन पुरेत हे आम्हां उभयतांस मान्य होते. त्यासाठी कोणा प्रचारकाने यावे लागले नाही. डॉक्टरीणबाईंनी दोघांसही समोर बसवून सांगितले की तुम्हां दोघांपैकी कोणीही केली तरी चालेल, पुरुषाची अधिक सोपी. आम्ही म्हणालो, पाहू. घरी हा विषय निघाला तेव्हा आमच्या मातुःश्री निवडत असलेले तांदूळ बाजूस सारून एवढेच म्हणाल्या, "ह्या घरात एक झाले ते पुष्कळ झाले. तू जायचे नाहीस." आम्ही गप्प बसलो. मातृवचन मोडू नये इत्यादी पाठ मनाशी म्हटले असतील; पण खरे सांगावयाचे तर आम्हांस हायसे वाटले.

पंधरा दिवसांनी सहामाही परीक्षेच्या दिवसांत आम्ही शाळेतून आलो, तो सौभाग्यवती घरी नव्हत्या. आपल्या बहिणीस सोबत घेऊन, लहानशी पिशवी भरून, त्या स्वतःच गेल्या होत्या. रुग्णालयात पाहिले तेव्हा म्हणाल्या, "तुम्हांस विचारले असते तर तुम्ही आला असता, पण पुढे जन्मभर आईंच्या तोंडाकडे पाहावे लागले असते. म्हणून विचारले नाही." टाके पिकले. तीन आठवडे जखम वाहत होती. आठव्या दिवशी त्या चुलीपुढे उभ्या होत्या, कारण मातुःश्रींचे गुडघे धरलेले आणि दोन्ही मुले लहान. त्या काळात आम्ही चहा करावयास शिकलो, एवढीच आमची कमाई.

आम्ही तेव्हा उमरेडकडच्या एका खेड्यात शिक्षक होतो. त्या काळी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा सर्वांस वर्षाकाठी ठराविक 'केसेस' आणून द्याव्या लागत. १९९६ साली ही लक्ष्ये काढून टाकण्यात आली. मनुष्यास केस म्हणण्याची सवय आम्हांस लवकर लागली. मार्च महिना आला म्हणजे वर्गात व्याकरणाऐवजी डोक्यात आकडे असत, आणि आम्ही घरोघर हिंडून बायांस समजावीत असू. समजावणे म्हणजे काय, तर दोन मुलांचे फायदे, सरकारकडून मिळणारे थोडे पैसे आणि जीपची सोय. नवरे ओट्यावर बसून विडी ओढीत ऐकत. त्यांस समजावण्याचा यत्न आम्ही केल्याचे आठवत नाही. आम्हांस आकडा भरावयाचा होता आणि बाया लवकर तयार होत, कारण बाळंतपण त्यांस ठाऊक होते.

१९९१ सालच्या फाल्गुनात अशा पाच जणींस घेऊन आम्ही शिबिरास गेलो होतो. त्यांतील एक शेतमजूर बाई, तीन मुलांची आई, धाकटे अंगावर पिणारे. शिबिरात खाटा पुऱ्या नव्हत्या. शस्त्रक्रिया झालेल्या बाया सतरंजीवर ओळीने निजविल्या होत्या. ह्या बाईचा नंबर यावयाचा होता. तिने त्या ओळीकडे पाहिले आणि आम्हांस विचारले, "बायायचंच काहून जी गुर्जी? माणसायचं काहून नाही?" आम्ही काहीतरी सांगितले : माणसास मेहनतीचे काम असते, त्यास विश्रांती मिळत नाही, वगैरे. ती स्वतः रोज दिवसभर निंदणास जाणारी! तिने ते ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमच्या घरी कोनाचं झालं?"

खोटे बोलणे शक्य होते. का कोण जाणे, आम्ही खरे सांगितले : "आमच्या कुटुंबाचे."

"म्हंजे शिकलेल्यायच्या घरीबी बाईचंच," ती म्हणाली. त्यात रोष नव्हता, टोमणाही नव्हता. बाजारात एखाद्या मालाचा भाव सगळीकडे एकच आहे असे कळल्यावर मनुष्य बोलतो तसे ती बोलली. मग तिने अंगावरचे मूल आमच्या हातीं दिले आणि नाव पुकारल्यावर आत गेली. पाऊण तास ते मूल आमच्याजवळ होते आणि रडले नाही. त्या वर्षी आमचा आकडा पूर्ण भरला, आणि त्याबद्दल शिक्षकांच्या सभेत आमचे नाव वाचून दाखविण्यात आले.

महाराष्ट्राचे जननमान उतरविण्यात आमचा हात आहे तो असा. प्रांताच्या त्या ४९ टक्क्यांत आमच्या सौभाग्यवती आहेत, ती बाई आहे, आणि आम्ही जीपमध्ये बसवून नेलेल्या इतर किती तरी आहेत. अर्ध्या टक्क्याच्या आतल्या त्या दुसऱ्या आकड्यात आम्ही नाही. आमच्या वडिलांचे नाव कोठे तरी १९७६ च्या ६२ लाखांत आहे, आणि ते तेथे आहे म्हणूनच आमचे कोठे नाही, असे म्हणावयास सोपे वाटते. पण वडिलांस धरून नेले होते. आम्हांस तर डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून विचारले होते.

आजोबांची वही पुन्हा चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती पूर्वी कधी आली नव्हती. त्यात अकरा जन्मांच्या घटी आणि पळे आहेत, नक्षत्रे आहेत, एका ठिकाणी त्या दिवशी पाऊस पडल्याची नोंदही आहे. पण अकरा वेळा बाळंत झालेल्या बाईचे नाव कोठेही नाही. वडिलांच्या टिपणांत नाही. आमच्याही दोन टिपणांत नाही. ते आम्ही परवा बसून लिहिले, आजीचे, आईचे आणि सौभाग्यवतींचे, आणि सुनेचेही.

हा लेख डाकेत टाकण्यापूर्वी सौभाग्यवतींस वाचून दाखविला, कारण त्यांच्या संमतीवाचून त्यांच्या दुखण्याचा उल्लेख छापावयास देणे बरे नव्हे. त्यांनी शेंगा सोलीत सर्व ऐकले. आमच्या वडिलांचा भाग आला तेव्हा क्षणभर हात थांबविला. शेवटी म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. पण जखम तीन आठवडे नव्हती. पाच आठवडे होती. तिसऱ्या आठवड्यानंतर मी तुम्हांस सांगायचे सोडले."